पिवळं रेशन कार्ड आहे, महिन्याला ७०-८० युनिट बिल, सोलर बसवायला नेमकी किती मदत मिळते?

चोपडेकर_०७
राम राम मंडळी. आमचं घर चोपडा तालुक्यात, दोन खोल्या पत्र्याच्या आणि मागची एक खोली धाब्याची. दोन पंखे, टीव्ही, फ्रिज आणि बायकोचं शिलाई मशीन, एवढ्यावर ७०-८० युनिट जातात. गावात एक एजंट आला होता, तो म्हणतो तीन किलोवॅटच घ्या, सरकार ७८ हजार देतं आणि बाकीचं बँक लोन करून देतो. पण हप्ता सुरू झाला आणि हातात काम नसलं तर काय करायचं ही भीती वाटते. पिवळं कार्ड आहे आमचं, मीटर मात्र अजून वडिलांच्या नावावर, ते वारले. कोणी बसवलं असेल तर खरं काय ते सांगा.

तापीकाठ
भो, आधी एजंटला थांबव. ७८ हजाराचा आकडा खरा आहे, पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार असं मिळून होतात, त्याच्या वर कितीही मोठं बसवलं तरी सबसिडी तेवढीच. पण तुझा वापर ८० युनिट, आणि एक किलोवॅटच महिन्याला साधारण १२० युनिट बनवतं आपल्या उन्हात. तीन घेऊन करणार काय? जास्तीची वीज महावितरणकडे जाते पण त्याचे हातात येणारे पैसे इतके थोडे की त्यावर हप्ता फिटत नाही. आणि नेहमीच्या पद्धतीत पैसे आधी आपण भरायचे, सिस्टीम बसून तपासणी होऊन नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारं) लागलं की मग सबसिडी खात्यात येते, हे एजंट शेवटी सांगतात.

धुळे_वायरमन
वरचं बरोबर आहे. त्यात भर घालतो, तुमच्यासारख्यांसाठीच राज्य सरकारने २०२५ ला स्मार्ट नावाची योजना काढली, पूर्ण नाव स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप. बीपीएल म्हणजे दारिद्र्यरेषेखालचे, आणि त्याशिवाय महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असणारे गरीब ग्राहक त्यात बसतात. एक किलोवॅटचा खर्च ५० हजार धरलाय, त्यातले ३० केंद्राचे. उरलेल्या २० पैकी बीपीएलला राज्य १७,५०० देतं म्हणजे तुमच्या खिशातून फक्त २,५००. बीपीएल नसेल आणि १०० च्या आत वापर असेल तर एससी एसटी कुटुंबाला ५ हजार आणि बाकीच्यांना १० हजार भरावे लागतात. एवढी रक्कम बचत गटातून सुद्धा निघते, बँकेच्या दारात जायची गरज नाही. फक्त कार्ड पिवळं आहे एवढ्यावर विसंबू नका, महावितरणच्या सबडिव्हिजनला बिल घेऊन जा आणि आपण कोणत्या गटात धरले जातो, सध्या अर्ज घेतायत का हे तिथेच विचारा. मागची थकबाकी असेल तर ती आधी भरा.

आणि पॅनल धाब्यावर नका बसवू हो, मातीचं छत, त्यात स्टँडचे पाय रोवले की पहिल्या पावसात गळणार. पत्र्यावर बसवा पण नुसत्या पत्र्याला स्क्रू मारून नाही, खालच्या अँगलला पकडून. मे-जूनचं वावधन (वादळ) तुम्हाला माहीतच आहे, उभ्या केळीच्या बागा आडव्या करतं, पॅनलचं काय घेऊन बसलात. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते, शेजारचं निंबाचं झाड दुपारी सावली टाकतंय का ते बघून ठेवा.

शहाद्याची_ताई
आमच्याकडे बसवून वर्ष झालं, दोन गोष्टी सांगते ज्या आम्हाला कोणी सांगितल्या नाहीत. लाईट गेली की सोलर पण बंद होतं, बॅटरी नाही ना, लाईनवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून ते बंदच पडतं. लोडशेडिंगला पंखा चालेल या आशेने घेऊ नका. दुसरं, बिल शून्य येतं असं म्हणतात पण स्थिर आकार भरावाच लागतो. तरी उन्हाळ्यात आधी जे बिल यायचं ते आठवलं की बरं वाटतं, आता मे महिन्यात कूलर लावताना सासूबाई मीटरकडे बघत नाहीत. पॅनल सकाळी थंड असताना धुवा, आपल्याकडे धूळ फार.

चोपडेकर_०७
खूप आधार वाटला, एजंटला नाही सांगतो. पण मीटर वडिलांच्या नावावर, त्याचं काय करायचं?

धुळे_वायरमन
आधी तेच करा, नाहीतर बँक खातं आणि आधार एकाचं, वीजजोडणी दुसऱ्याची असं होऊन अर्ज अडकतो. मृत्यूचा दाखला, घराचा नमुना ८ किंवा घरपट्टीची पावती, तुमचं आधार आणि बाकी वारसांचं संमतीपत्र घेऊन नाव बदलाचा अर्ज टाका. आईला सोबत न्या म्हणजे सहीसाठी परत यावं लागणार नाही.