प्रमुख बदलला आणि जुळलेली टीम विस्कटली: आधी काय बघायचं?

सांजवेळ:
आठ-दहा जणांची, वर्षानुवर्षं एकमेकांना सांभाळून घेणारी टीम. प्रमुख बदलतो आणि सहा महिन्यांत मीटिंगमध्ये कुणी तोंड उघडत नाही, जो तो आपापलं काम उरकून निघतो. काम वेळेत होतंय, म्हणून वरच्यांना सगळं आलबेल वाटतं. अशा वेळी नेमकं आधी काय बिघडलेलं असतं? आणि प्रमुख नसलेल्या जुन्या माणसाच्या हातात काय असतं?

लेखाजोखा:
आधी वाईट बातमी अडते. गप्पा, एकत्र जेवण हे नंतर बंद होतं. काम रखडणार हे करणाऱ्याला सोमवारीच कळलेलं असतं, प्रमुखाला मात्र शुक्रवारी, ऐन मुदतीच्या दिवशी. कारण मागे वेळेवर सांगणाऱ्याला चारचौघांत झापलेलं असतं. मेल बघा: दोघांत मिटणाऱ्या विषयात पाच-सहा जण सीसीत दिसू लागले, की प्रत्येक जण पुरावा जमवतोय असं समजा.

नोंदवलेल्या चुका अचानक कमी झाल्या तर खूश होऊ नका. टीमवर्कच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासताना दिसलं, की चांगल्या जुळलेल्या टीममध्ये नोंदी जास्त होत्या. तिथे माणसं चुका लपवत नव्हती.

उलटतपासणी:
पटलं. पण बऱ्याचदा प्रमुखाच्या स्वभावापेक्षा मूल्यमापनाची पद्धत जास्त नुकसान करते. ठरावीक जणांना खालची श्रेणी द्यायचीच असा नियम असला, की शेजारच्याला मदत करणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. मायक्रोसॉफ्टने अशी पद्धत नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली.

आणि जुनी टीम नेहमी निर्दोष असते असंही नाही. ‘आपल्यातला’ म्हणून कुणाचं ढिसाळ काम झाकलं जात असेल, तर नव्या प्रमुखाने त्यावर बोट ठेवणं रास्तच आहे.

लेखाजोखा:
मान्य. गळतीचं गणितही बघा. आठातले दोघे गेले आणि जागा भरल्या नाहीत, तर उरलेल्या प्रत्येकावरचं काम सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतं. जातात बहुधा ज्यांना बाहेर सहज नोकरी मिळते ते, आणि कुठेच लिहून न ठेवलेली माहिती त्यांच्याबरोबर जाते.

पायवाट:
प्रमुख नसाल तर ‘वातावरण बिघडलंय’ अशी मोघम तक्रार नेऊ नका, ती अंगावर आल्यासारखी वाटते. एकच निर्णय धरा आणि एकांतात मांडा: “मंगळवारी प्राधान्यक्रम बदलला, पण दोघांना ते कळलंच नाही. त्यांचे तीन दिवस जुन्या कामात गेले. पुढच्या वेळी बदल, कारण आणि तारीख दोन ओळींत सगळ्यांना लिहून मिळेल का?” याला हो म्हणणं सोपं जातं.

प्रमुख ऐकणारा असेल तर मीटिंगमध्ये त्याने आपलं मत शेवटी द्यावं. आधी दिलं की बाकीचे माना डोलावतात. दर पंधरवड्याला प्रत्येकाशी अर्धा तास एकट्याने बोलावं, आणि तो कामाच्या आढाव्यात घालवू नये. ही भेट लागोपाठ दोनदा रद्द झाली, की लोक समजायचं ते समजतात. बिघाड झाल्यावर पहिला प्रश्न ‘कुणी केलं?’ नको, ‘कुठल्या टप्प्यावर निसटलं?’ हवा. सहली आणि पार्ट्या इतक्यात नकोतच. राग तसाच राहतो, वर हजेरीची सक्ती.

बोलणाऱ्यालाच बाजूला काढलं, तर तारखांसह नोंदी घेऊन वरच्या पातळीवर जा, शक्यतो दोघातिघांनी मिळून. एकट्याचं म्हणणं ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून सहज उडवून लावता येतं.