मदत हवी: कोल्हापूर – आंबोली – मालवण – गणपतीपुळे, थंडीत गाडीने. मुक्काम कुठे टाकावेत?

नमस्कार मंडळी,

संक्रांत झाली की लगेच निघायचं ठरतंय. ख्रिसमस ते 31 डिसेंबरची गर्दी मुद्दाम टाळली आहे, त्या आठवड्यात मालवणात खोली मिळाली तरी भाव ऐकून घरीच बसावंसं वाटतं. घरची गाडी आहे, मी आणि नवरा आलटून पालटून चालवतो. सोबत सासूबाई (सत्तरी उलटलीय, गुडघ्यांचा त्रास) आणि चौथीतली मुलगी, जिला घाटात हमखास गाडी लागते. चार रात्री हातात आहेत.

रस्ता साधारण असा मनात आहे: कोल्हापूर – निपाणी – उत्तूर – आजरा – आंबोली – सावंतवाडी – वेंगुर्ला – मालवण, तिथून सागरी मार्गाने देवगड, जैतापूर, पावस, रत्नागिरी, गणपतीपुळे, आणि आंबा घाटाने परत. फोंडा घाटाने किंवा गगनबावड्याहून करूळने उतरलं तर मालवण जवळ पडतं हे माहीत आहे. पण आम्हाला लवकर पोचायचं नाही, रस्ता बघत जायचंय. शिवाय फोंड्याचा रस्ता राधानगरी-दाजीपूरमुळे आम्हा सगळ्यांचा पाठ आहे.

एक अट पक्की आहे, अंधारात गाडी चालवायची नाही. घाटामुळे तर आहेच, पण खरं कारण ऊस. गळीत हंगाम ऐन भरात असतो, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याने चाललेले असतात आणि मागच्या ट्रॉलीला धड दिवाही नसतो. ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस समोर येतो तेव्हाच कळतं की पुढे काहीतरी आहे. पहाटेच्या धुक्यात तीच गत. म्हणजे सकाळी आठनंतर निघणार आणि चार-साडेचारला मुक्कामी पोचणार. जानेवारीत सव्वासहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, तो समुद्रावर बसून बघायचा तर एवढं लवकर पोचायलाच हवं.

आता अडलंय ते इथे:

पहिली रात्र आंबोलीत काढावी का? पावसाळ्यातली आंबोली बघितलीय. थंडीत धबधबे आटलेले, मग तिथे मुक्काम करण्यासारखं काय उरतं?

मालवणात राहायचं की तारकर्ली की देवबाग? एकाच ठिकाणी दोन रात्री काढाव्यात असं मला वाटतं. नवऱ्याचं म्हणणं रोज नवं गाव. रोज बॅगा भरायच्या, सासूबाईंच्या गोळ्यांची पिशवी शोधायची, हे काम कुणाकडे येतं ते सांगायला नको.

मालवण ते गणपतीपुळे एका दिवसात ओढावं का? नकाशात दोनशेच्या आसपास किलोमीटर दिसतात.

हॉटेल फार भारी नको. तळमजल्यावरची खोली किंवा लिफ्ट, कमोड, गाडी आत लावायला जागा आणि सकाळी गरम पाणी. हे शेवटचं फार महत्त्वाचं. मागे एका ठिकाणी (नाव घेत नाही) 'चोवीस तास गरम पाणी' म्हणाले आणि निघालं सोलर. सकाळी सहाला नळ सोडला तर आधी दोन बादल्या गार पाणी, मग कोमट, आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्यांनी नळ सोडला की पुन्हा गार. सासूबाई अंघोळीशिवाय चहासुद्धा घेत नाहीत. त्यामुळे फोनवर विचारताना "गिझर आहे का, खोलीतच आहे का" असं सरळ विचारते.

प्रतिसाद, आजऱ्याहून

ताई, थंडीतली आंबोली पावसाळ्यापेक्षा बरी. पावसाळ्यात धुक्यात स्वतःचा हात दिसत नाही, थंडीत कावळेसाद पॉइंटवरून खाली कोकण स्वच्छ दिसतं. महादेवगडावर संध्याकाळी जा. हिरण्यकेशीच्या देवळात, जिथे नदी उगम पावते, तिथेही सावकाश बसता येतं. पण रात्री बोचरी थंडी असते आणि सातनंतर गाव निपचित. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती थंडी सोसेल का ते तुम्ही बघा.

मी तुमच्या जागी असतो तर आंबोलीत दुपारचं जेवण, एक-दोन पॉइंट, आणि चारच्या आत घाट उतरून सावंतवाडी. तीसेक किलोमीटरच आहे. मोती तलावाच्या आसपास बरी हॉटेलं आहेत, सासूबाईंना तलावाच्या कडेने सपाटीवर फेरी मारता येईल, मुलीला चितारआळीत लाकडी खेळणी. फक्त जेवल्या जेवल्या घाट उतरू नका. मुलीला पुढच्या सीटवर बसवा, काच थोडी खाली आणि मोबाईल बंद. माकडांना खायला घालायला थांबू नका, गाडीत शिरतात.

प्रतिसाद, मालवणहून

दोन रात्री एकाच जागी, यात तुमचाच मुद्दा बरोबर. साहेबांना सांगा, इथे रोज नवं गाव बघायला हॉटेल बदलावं लागत नाही.

देवबाग दिसायला सुंदर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये गावाची चिंचोळी पट्टी. पण आत जायला रस्ता अरुंद, शनिवार-रविवारी समोरून गाडी आली की कुणीतरी मागे घ्यायचीच. पुष्कळ खोल्या घरगुती आहेत, माणसं जीव लावतात, पण तळमजला-कमोड हे फोटो मागवूनच ठरवा. तारकर्लीत एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) निवासस्थान आहे, तिथे जागा मोकळी असते. तुमच्यासाठी मी मालवण गाव किंवा चिवला किनाऱ्याची बाजू सुचवेन. डॉक्टर, औषधाचं दुकान, जेवण सगळं हाताशी. सासूबाईंचे उपास-वार असतील तर काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी सांगा, सोलकढी तर आहेच.

सिंधुदुर्ग किल्ल्याला सकाळीच जा. होडी जेटीवरून सुटते, चढता-उतरता पायऱ्या ओल्या असतात, आजींना हात द्यायला माणूस हवा. आत शिवराजेश्वराचं, म्हणजे शिवाजी महाराजांचं देऊळ आहे ते राजाराम महाराजांनी बांधलेलं. आणि तुम्ही कोल्हापूरची मंडळी म्हणून सांगतो, 1812 साली इंग्रजांना द्यावा लागेपर्यंत हा सिंधुदुर्ग तुमच्याच छत्रपतींकडे होता.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख कॅलेंडरवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दिवसांत मसुरे, मालवण, कणकवली कुठेही खोली मिळत नाही. बुकिंग करण्याआधी तारीख लागलीय का ते बघा.

प्रतिसाद

मी उलटं बोलतो. एवढं फिरवू नका लेकराला. फोंडा घाटाने सरळ मालवण, तिथे चारही रात्री, त्याच वाटेने परत. भावा, सुट्टी आहे का ड्रायव्हिंगची परीक्षा? पण ऐकणार नाहीच तुम्ही, तर मालवण-गणपतीपुळे एका दिवसात करू नका. सागरी मार्गावर वळणं, गावं, पूल, खाड्या. तासाला तीस-पस्तीस पडले तरी पुष्कळ. जेवण आणि दोन देवळं धरली तर अंधार होणारच.

प्रतिसाद, देवगडहून

मध्ये एक रात्र कुणकेश्वर किंवा देवगडला टाका. मालवणहून आचरा-मिठबाव करत पन्नासेक किलोमीटर, म्हणजे सकाळी मालवण आरामात आवरूनसुद्धा दुपारी पोचाल. कुणकेश्वराचं देऊळ अगदी समुद्राच्या काठावर आहे, गाडी जवळपर्यंत जाते. मोठ्या हॉटेलांची अपेक्षा ठेवू नका, घरगुती सोय आहे. जानेवारीत हापूसला मोहोर असतो. आंबे खायला मिळणार नाहीत, पण संध्याकाळी बागेजवळ उभं राहिलात तर मोहोराचा वास येतो तो विसरत नाही. फक्त फवारणी चालू असेल तर मुलांना बागेपासून लांब ठेवा. महाशिवरात्रीला मात्र इकडे फिरकू नका, यात्रा असते.

दुसऱ्या दिवशी विजयदुर्ग करायचा की नाही ते आजींवर. किल्ला मोठा आहे, चालणं बरंच. आजींना चालवणार नसेल तर सोडा आणि पुढे जैतापूर, आडिवऱ्याची महाकाली, कशेळीचा कनकादित्य, पूर्णगडची खाडी, पावस असं करत रत्नागिरी. ही सगळी ठिकाणं वाटेवरच किंवा वाटेपासून थोडी आत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. घरी वाचून दाखवलं. सासूबाईंनी "सावंतवाडी" असं एकदाच म्हटलं आणि आंबोलीचा विषय संपला. मालवणला दोन रात्री यावर नवऱ्याने फार वाद घातला नाही. आंगणेवाडीची तारीख आधी बघते, मगच पैसे भरते.

मग पहिली रात्र सावंतवाडी, नंतर दोन मालवण, चौथी कुणकेश्वर. गणपतीपुळ्यासाठी रात्रच उरत नाही. कुणकेश्वरहून त्याच दिवशी कोल्हापूर गाठायचं तर आंबा घाट उतरत्या उन्हात आणि बांबवड्यापासून पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे अंधारात. ते नको. नवरा एक दिवस रजा वाढवायला तयार आहे. ती पाचवी रात्र गणपतीपुळ्यात घालावी, की रत्नागिरीत राहून आरे-वारेच्या रस्त्याने सकाळी दर्शनाला जाऊन यावं?

प्रतिसाद, रत्नागिरीहून

गणपतीपुळ्यातच राहा. संध्याकाळी आरे-वारेच्या चढावर गाडी कडेला लावून सूर्यास्त बघा आणि मग पुढे मुक्कामाला. एमटीडीसी देवळाच्या अगदी जवळ आहे, पण लवकर भरतं. सकाळी दर्शन घेऊन दहाला निघालात तर रत्नागिरीत शिरायची गरज नाही, चाफे-निवळीवरून हायवेला लागा, हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, आंबा. चारच्या आत कोल्हापूर. महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम चालू असेल तर मध्ये वळवलेले रस्ते लागतील, तासभर जास्तीचा धरा.

दोन गोष्टी. त्या दिवशी अंगारकी किंवा संकष्टी नाही ना ते पंचांगात बघा. आणि "संक्रांत झाली की लगेच" म्हणालात म्हणून सांगतो, संक्रांतीला मार्लेश्वराचं लग्न असतं. देवरूख-साखरपा भाग त्या दिवसांत गाड्यांनी भरलेला असतो. तुमचा परतीचा दिवस त्यापासून चार-पाच दिवस लांब आहे, तेव्हा अडचण नाही. फक्त सहल अलीकडे ओढू नका.

धागाकर्ती

ठरलं. संकष्टी बघितली, आमच्या दिवसांत येत नाही. उद्या फोन लावायला बसते. कुणकेश्वरला तळमजला आणि खोलीत गिझर असलेलं घर कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे नंबर टाकू नका.