मदत हवी आहे: घरामागच्या राईतून पायवाट, पावसाआधी

आडवाट_राजापूर
राजापूर तालुक्यात घरामागे आमची तीन एकरांची राई आहे. ऐन, किंजळ, थोडा साग, मधेमधे रायवळ आंबे. घरापासून वर सड्याच्या (डोंगरमाथ्यावरच्या कातळपठाराच्या) कडेपर्यंत पायवाट काढतोय. सव्वाशे फूट झाली, तेवढीच बाकी. वाळल्या पानांवरून पाय सटकतो आणि खालची माती भुसभुशीत आहे. वर काय पसरू? चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) चुरा, खडी की वाळू? हातात पंधरा दिवस आहेत. दोन गडी होते, त्यातला एक परवापासून येत नाही. कृपया प्रश्नाचंच उत्तर द्या.

कातळशिल्पी
उतार किती? वाट सरळ वर चढवली आहे की वळणं घेतली आहेत? हे कळल्याशिवाय काय पसरायचं ते कसं सांगणार?

चिरेखाणवाला
जेसीबी लावा, एका दिवसात विषय संपेल. दोन गड्यांनी पंधरा दिवस कुदळ मारण्यात काय अर्थ आहे? आमच्या बागेत सहा फुटी रस्ता असाच काढला.

मृगाचा_किडा
आणि पावसात त्याचं काय झालं तेही लिहा. जेसीबीने ऐनाची मुळं तुटतात, मोकळी झालेली माती पहिल्या जोरदार सरीत खाली येते. आमच्या शेजाऱ्यांनी असाच रस्ता काढला होता. जुलैमध्ये ती सगळी माती आमच्या विहिरीत. दोन महिने पाणी विकत घेतलं आम्ही.

चिरेखाणवाला
गटार न काढता रस्ता केला तर होणारच. त्यात जेसीबीचा काय दोष?

आडवाट_राजापूर
जेसीबी नको. तो आत आणायला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, पाडावं लागेल. वाट सरळच चढवली आहे. दहा फुटांत साधारण तीन फूट चढ. पण मी उताराबद्दल विचारलेलं नाही.

कातळशिल्पी
खरी अडचण उताराचीच आहे. सरळ चढणारी वाट म्हणजे पावसाळ्यात पऱ्या, ओढाच. चुरा टाका नाहीतर खडी, आषाढापर्यंत सगळं तुमच्या अंगणात येईल. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमीच हवा, म्हणजे पाणी वाट ओलांडून जातं, वाटेने धावत नाही. दहा फुटांत एक फूट धरा. तुमची अडीचशे फुटांची सरळ वाट साडेसातशे फुटांची होईल, पण टिकेल.

आखणीला पैसे लागत नाहीत. पारदर्शक नळीत पाणी भरा, गवंडी वापरतात तीच. दोन माणसं दहा फुटांवर उभी करा, पुढच्याने मागच्यापेक्षा एक फूट वर खुंटी ठोकायची. असं डोंगराच्या अंगाने तिरपं जायचं आणि थोडं सपाट सापडेल तिथे वळायचं. तळ दरीकडे किंचित कलता ठेवा, दोन फूट रुंदीला एक इंच पुरे. आणि दर तीस-चाळीस फुटांवर वाट चार पावलं उलट उतरू द्या, तिथे पाणी आपोआप बाहेर पडतं.

सागरतीरी_निवास
खूप छान कल्पना! सड्यावर दोन तंबू टाका, झाडांना नावांच्या पाट्या लावा. मुंबई-पुण्याची माणसं अशा वाटेवर चालायला पैसे देतात. न्याहारीला घावणे-चटणी ठेवा.

भाजावळ
पानं घसरतात ना? मग संध्याकाळी वारा पडल्यावर पेटवून द्या. एका तासात वाट साफ.

मृगाचा_किडा
भाजावळराव, हे कृपा करून कोणाला सांगू नका. वैशाखात राईत काडी लावायची? वारा पडला म्हणेपर्यंत उठतो. माझ्या काकांची चाळीस काजूची कलमं अशाच 'एका तासाच्या' कामात गेली. शिवाय पानांखालची ओल हीच राईची जान आहे. चालायच्या पट्ट्यातली पानं खराट्याने ओढून दरीकडच्या काठाला लावा, बाकीच्यांना हात लावू नका.

भाजावळ
आम्ही पिढ्यानपिढ्या भाजतोय.

मृगाचा_किडा
वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत, नाचणीसाठी, कडेने पट्टा साफ करून. उभ्या झाडांत नाही.

सर्पमित्र_लांजा
पानं ओढायची तर हाताने नको. दगडाखाली, पाचोळ्यात फुरसं (विषारी साप) असतं आणि ते पटकन दिसत नाही. गमबूट घाला. चावलंच तर कापाकापी नको, आवळून बांधायचं नाही, थेट सरकारी दवाखाना.

डॉ_शिरीष
एक गडी येत नाही असं लिहिलंय. का येत नाही?

आडवाट_राजापूर
परवा साडेबारा वाजता त्याला चक्कर आली. पाणी पाजलं, सावलीत बसवला, उलटी झाली. संध्याकाळी बरा होता. आमचीच चूक. दहाला आले होते, मी जेवणापर्यंत काम ओढलं.

डॉ_शिरीष
थोडक्यात वाचला. आपल्याकडे हवा दमट, घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. पारा छत्तीसला असला तरी धोका असतो आणि राईत तर वाराही कोंडतो. काम सहा ते दहा, मग थेट साडेचारनंतर. दर वीस मिनिटांनी पाणी, मधे लिंबू-मीठ-साखर. नवीन माणसाला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, पहिल्या दिवशी अगदी थोडंच काम द्या, मग रोज वाढवत न्या. कोणी असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला तर घाम येत असला तरी तो उष्माघातच समजा. अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

मालवणी_माणूस
सगळा झाला, पण ही वाट कोणाक होयी ता कोणी इचारूकच नाय! तरण्या पोरांक की म्हाताऱ्या माणसांक?

आडवाट_राजापूर
आईसाठी. वय ७१, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सड्याच्या कडेला आमच्या मूळपुरुषाची घुमटी (छोटं देऊळ) आहे. लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी ती तिथे नारळ ठेवायची, चार वर्षं जाता आलेलं नाही. २२ मेला गावी येतेय.

मालवणी_माणूस
ह्या आधी सांगूचा मां, बाबा!

पाखाडीप्रेमी
मग वळणं कशाला? जांभ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, बांधा. आमच्या गावची पाखाडी आजोबांच्याही आधीची आहे, एक चिरा हललेला नाही.

कातळशिल्पी
पाखाडी टिकते, मान्य. पण पाऊणशे फूट चढ म्हणजे सहा इंची दीडशे पायऱ्या. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. आणि सावलीतल्या चिऱ्यावर पावसात शेवाळ धरतं.

पाखाडीप्रेमी
शेवाळ खराट्याने घासतात. पण गुडघ्याचं पटलं. निदान वळणांवर तीन-चार पायऱ्या घाला, उंची पाच इंच, पाऊल पूर्ण मावेल अशी. हाताला माणग्याचा (बांबूचा) कठडा आणि प्रत्येक वळणावर बसायला दोन चिरे.

तलाठी_कार्यालयाबाहेरून
सातबारा कोणाच्या नावावर? सामाईक असेल तर भावकीला आधी सांगा. इतर हक्कात वनाचा शेरा असेल तर खणायच्या आधी चौकशी करा. वाटेत झाड आलं तर तोडण्यापेक्षा वाट वळवा. ऐन-साग मालकीचे असले तरी १९६४ च्या झाडतोड कायद्याने परवानगी लागते.

आडवाट_राजापूर
सातबारा तिघा भावांचा, शेरा नाही. दोघांना काल फोन केला. धाकट्याला राग आला, आधी विचारलं नाही म्हणून. आता तोच चार दिवस येतोय.

आडवाट_राजापूर (२४ मे)
पसरलं काहीच नाही. जुनी सरळ वाट आडवे ओंडके टाकून बंद केली. नळीने नव्याने आखली, सहा ते दहा काम केलं. चक्कर आलेला गडीही परत आला. पहिल्या दिवशी नळीत बुडबुडा राहून एक अख्खं वळण चुकलं, खुंट्या पुन्हा ठोकल्या. पाचपैकी तीन वळणं झाली आहेत. उरलेल्या दोनांच्या फक्त खुंट्या आहेत, ती दिवाळीत, माती ओली असताना खणू.

आई काल तिसऱ्या वळणापर्यंत चढली. चिऱ्यावर बसली. तिथून झाडांच्या फटीतून घुमटीचा कळस दिसतो. नारळ धाकट्याच्या हातात दिला आणि तो वर ठेवून येईपर्यंत तिकडेच बघत होती.