समुद्राच्या ओल्या वाळूत मेटल डिटेक्टर सारखा वाजतो, सोन्यासाठी सेटिंग काय ठेवावं?

हरिपूरकाठ (सांगली)

मशिन सिंगल फ्रिक्वेन्सीचं आहे, १२ किलोहर्ट्झ, ११ इंची डीडी कॉइल (इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर चढलेली तबकडी). हरिपूरला संगमाजवळ कृष्णेच्या ओल्या वाळूत एकदम शांत चालतं, रुपयाचं नाणं १५ सेंटिमीटरवर दाखवतं. गुहागरला कोरड्या वाळूतही ठीक. पण लाट येऊन गेलेल्या पट्ट्यात नेलं की कॉइल हलवली रे हलवली, वाजायला लागतं. पडद्यावर धातू ओळखायचे आकडे येतात ते खालच्या बाजूचे आणि दर वेळी वेगळे. डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचा आवाज दाबायची सेटिंग) वाढवलं की गप्प होतं.

शोधायचंय ते असं: नात्यातल्या एका कुटुंबाची २२ कॅरेटची साधी अंगठी आणि बारीक साखळीतलं दोन वाट्यांचं मंगळसूत्र. दोन्ही गेल्या रविवारी तिथेच गुडघाभर पाण्यात पडलंय. येत्या अमावास्येला कराडवरून कुंभार्ली घाटाने परत जायचं ठरलंय. मशिन बिघडलंय का? सेटिंग काय लावू? आणि नेमकं कुठे, किती वाजता शोधायचं?

मिरज_सर्किट

मशिन धडधाकट आहे. कृष्णेचं पाणी गोडं, त्यातून वीज फारशी वाहत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ओली वाळू हाच कॉइलखाली पसरलेला एक मोठा, पातळ वाहक होतो. मशिनला तो धातूसारखाच दिसतो. आणि दिसतो तोही खालच्या आकड्यांत, जिथे ॲल्युमिनियमची चांदी (फॉइल), बारीक साखळी, नाजूक अंगठी येते. म्हणूनच डिस्क्रिमिनेशन वाढवून मीठ गप्प केलंत की सोनंही गप्प होतं. ते शून्यावर ठेवा. फार तर लोखंड तेवढं कमी आवाजात ठेवा, पूर्ण कापू नका.

ग्राउंड बॅलन्सची, म्हणजे जमिनीचाच आवाज गप्प करायच्या जुळणीचीही अडचण आहे. मिठाच्या वाळूचा आकडा पार खाली, शून्याकडे जातो. काळी वाळू, म्हणजे मॅग्नेटाइट-इल्मेनाइट, नेमकी उलट, वरच्या टोकाला ओढते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दोन्ही एकाच पट्ट्यात सापडतात. एका फ्रिक्वेन्सीच्या मशिनला एका वेळी एकालाच गप्प करता येतं. मल्टी फ्रिक्वेन्सीवाली मशिनं, उदाहरणार्थ माइनलॅब इक्विनॉक्स, दोन्हींचा हिशेब एकत्र करतात. पल्स इंडक्शनची (सलग लहरींऐवजी विजेचे छोटे झटके सोडणारी) मशिनं या दोन्हींकडे जवळपास दुर्लक्षच करतात आणि खोलही जातात, पण त्यांना लोखंड ओळखता येत नाही, प्रत्येक खिळा उकरावा लागतो. कुणाकडून दोन दिवसांसाठी मल्टी फ्रिक्वेन्सी मिळालं तर तेच न्या.

नाहीच मिळालं तर आहे त्यावर असं करा. बीच मोड असेल तर लावा, फ्रिक्वेन्सी बदलता येत असेल तर ५ किलोहर्ट्झच्या आसपास आणा. मीठ शांत होईल, बारीक सोन्याची पकड मात्र थोडी जाईल. अंगठीला चालेल. मग कॉइल जमिनीपासून ३ ते १५ सेंटिमीटर वर-खाली करत ओल्या वाळूवरच ग्राउंड बॅलन्स करा, कोरडीवर करून खाली उतरू नका. सेन्सिटिव्हिटी (मशिनची संवेदनशीलता) ६०-७० टक्क्यांपासून सुरू करून कॉइल फिरत असताना मशिन शांत होईपर्यंत उतरवत न्या. ४० टक्क्यांवर शांत चालणारं मशिन ९० टक्क्यांवर किंचाळणाऱ्यापेक्षा जास्त सोनं दाखवतं, कारण खरा आवाज कानाला वेगळा कळतो.

कॉइलचं प्लास्टिक कव्हर काढून धुवा. त्याच्या आत ओली काळी वाळू साचली की कितीही सेटिंग केलं तरी मशिन वाजत राहतं. केबलही दांड्याला घट्ट गुंडाळा, सैल केबल हलली की खोटा आवाज येतो.

आणि रुपयाच्या नाण्यावर चाचणी घेऊ नका. आपली एक-दोन रुपयांची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची आहेत, चुंबकाला चिकटतात. मशिन त्यांना लोखंडाच्या जातीचं समजतं, सोन्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. घरातली २२ कॅरेटची अंगठी आणि वाटी कॉइलसमोर धरून आकडा लिहून घ्या. परदेशी व्हिडिओंतले आकडे धरू नका, ते बहुतेक १० किंवा १४ कॅरेटचे असतात. सोन्यात भेसळ जास्त तेवढी वहन कमी, म्हणून तेवढ्याच मापाची आपली अंगठी वरच्या आकड्यावर येते.

वेण्णाकाठ (सातारा)

सेटिंगचं वर आलंच आहे. मी जागेचं सांगतो, कारण गुहागरचा किनारा लांबलचक आहे आणि ११ इंची कॉइलने तो चाळून होणार नाही.

आधी वस्तू पडली ती वेळ पक्की करा. त्या दिवशीच्या मोबाइलमधल्या फोटोंवर वेळ असते, आणि मागे झाड, पायऱ्या, दुकान असं काहीतरी दिसतं. फोटोतल्या दोन खुणा एका रेषेत येतात तिथे उभं राहिलात की किनाऱ्याच्या लांबीतली जागा ठरली. मग त्या वेळेची भरती तक्त्यात बघा, म्हणजे गुडघाभर पाणी उताराच्या कुठल्या उंचीवर होतं ते कळेल.

अमावास्या निवडलीत ते उत्तम, उधाणाला पाणी सर्वांत मागे हटतं. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत तोच पट्टा पाण्याखालीच राहिला असता. कोळ्यांचा जुना हिशेब आहे, तिथीच्या पाऊणपट वाजता भरती. अमावास्येला पंधरा धरा: सव्वा अकराला भरती, म्हणजे सव्वा पाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, त्यामुळे नेमकी वेळ रत्नागिरीच्या तक्त्यातून घ्या. साधारण सव्वातीनला सुरुवात करा आणि उतरत्या पाण्यामागे खाली जात राहा. पाणी वळलं की अर्ध्या-पाऊण तासात बाहेर या. एकाने फक्त लाटांकडे बघायचं, कारण कानाला हेडफोन असलेल्याला मागून येणारी लाट कळत नाही.

अंदाजाच्या जागेभोवती २० बाय १५ मीटरचा चौकोन आखा. बांबूच्या काठ्या आणि सुतळी वापरा, लोखंडी गज नको. दीड-दीड मीटरचे पट्टे पाडून पाण्याच्या कडेला समांतर चाला. किनाऱ्याकडून पाण्याकडे चाललात तर कॉइल कमी ओल्या वाळूतून जास्त ओल्यात जाते आणि मशिन परत वाजायला लागतं. दर पावलाला कॉइल अर्धी आधीच्या जागेवर यायला हवी, म्हणजे पुढे सरकायचं ते १२-१४ सेंटिमीटरच. कॉइल वाळूला टेकवून, सपाट, सावकाश. डावी-उजवीकडे फिरवताना झोक्याच्या टोकाला ती वर उचलली जाते, तिथेच निम्म्या वस्तू निसटतात.

चार-सहा दिवसांत अंगठी फार लांब जात नाही, खाली जाते. लाट परतताना पायाखालची वाळू कशी ओढून नेते? तशीच ती अंगठीखालचीही नेते. २२ कॅरेट सोनं पाण्याच्या सुमारे १७.७ पट जड, वाळू २.६५ पट, त्यामुळे शिंपल्यांचा किंवा घट्ट मातीचा थर लागेपर्यंत ती बसत जाते. जाळ्याची शिसं (११.३ पट) आणि नाणी मिळायला लागली तर तिथे वेग निम्मा करा, जड वस्तू तिथेच थांबताहेत. नुसत्या ॲल्युमिनियमच्या चकत्या मिळत असतील तर ती हलक्या मालाची जागा, पुढे सरका.

हरिपूरकाठ (सांगली)

दोघांचेही खूप आभार, वेळेचे फोटो मिळालेत. मंगळसूत्राच्या बारीक साखळीला मशिनने घरी दादच दिली नाही, वाटी मात्र वाजली. असं का? आणि ओल्या वाळूत उकरायला खुरपं चालेल का?

कुपवाड_फॅब

साखळी मशिनला एक वस्तू म्हणून दिसतच नाही. कड्या नुसत्या एकमेकींना टेकलेल्या असतात, त्यामुळे प्रवाह एकेका कडीपुरताच फिरतो आणि कडी पडते तीन मिलिमीटरची. काळे मणी काचेचे, त्यांचा प्रश्नच नाही. तुम्ही शोधायच्या त्या वाट्या. नथ, बारीक फुली यांचंही तेच, त्या ओल्या वाळूत जवळपास अशक्य. अंगठी अखंड असेल तर जोरात बोलते. मधून कापलेली किंवा जोडव्यासारखी उघड्या तोंडाची असेल तर प्रवाहाचं कडं पूर्ण होत नाही, आवाज निम्म्याहून खाली येतो.

खुरपं नको. ओल्या वाळूतला खड्डा दोन लाटांत बुजतो आणि खुरप्याच्या धारेने वाटी चेपते. झाऱ्यासारखा भोकांचा स्कूप लागतो. कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या: ३०४ स्टेनलेसचा २ मिलिमीटर पत्रा, तोंड १५ सेंटिमीटर, लांबी २२, भोकं ८ मिलिमीटरची. अंगठीला १२ चालली असती, पण साखळी त्यातून सुटते. दांडा कमरेएवढा आणि मागे पाय ठेवायला पट्टी. पायाने दाबल्याशिवाय तो ओल्या वाळूत शिरत नाही.

आवाज आला की ९० अंशात वळून परत कॉइल फिरवा. दोन्हीकडून सारखा आला तर उकरायच्या तयारीला लागा. मग कॉइल पाच सेंटिमीटर उचला: खरी वस्तू हळूहळू मंदावते, मिठाचा आवाज पटकन तुटतो. आवाजाच्या मध्यापासून १० सेंटिमीटर मागे स्कूप रोवा, मध्यावर नाही. वाळू काढल्यावर आधी खड्डा तपासा, मग ढीग, आणि स्कूप कॉइलपासून लांब ठेवा. खड्ड्यात आवाज राहिला तर आणखी खाली. दोन्हीकडून गेला तर अंगठी ढिगात उभी राहिली असेल, ढीग पसरून परत बघा.

जाण्याआधी घरी सराव करायचा तर प्लास्टिकचा मोठा टब घ्या, ६० सेंटिमीटर तरी रुंद. नदीची वाळू भरा, लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्याने भिजवा आणि दोरा बांधलेली अंगठी ५, १०, १५ सेंटिमीटरवर पुरून बघा. गच्चीवर करू नका, स्लॅबमधली सळई वाजते. मातीच्या अंगणात करा.

परत आल्यावर कॉइल, दांडा, स्कूप गोड्या पाण्याने धुवा. मशिनचा डबा पाण्यात चालणारा आहे का ते पुस्तिकेत बघूनच धुवा, बऱ्याच मशिनांत फक्त कॉइल चालते.

सातारारोड

एक भर घालतो. दुसऱ्याची हरवलेली वस्तू सापडली तर ती पोलीस ठाण्यात द्या, अप्रामाणिकपणे ठेवून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे. जमिनीत दडवलेलं जुनं धन निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि त्यासाठीची किमतीची मर्यादा अजूनही दहा रुपयांचीच आहे, त्यावरचं सगळं कळवायचं. माहुली-वाईच्या घाटांवर, देवळांच्या आवारात, किल्ल्यांवर या मशिनने उकरूच नका.

गुहागरला नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात, भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, अर्ध्या मीटरपर्यंत खोल. तुमची वस्तू पाण्यात पडलीय, तेव्हा वर उकरायची गरजच नाही. खड्डे मात्र सगळे बुजवा. संध्याकाळी तिथे मुलं धावतात.