ग्रुप सोडून सव्वा वर्ष झालं, देवावर विश्वास आहे पण कुठल्याच पाळकावर बसत नाही, असं कुणाचं झालंय का?

उंबरठ्यावर

नमस्कार. बरेच महिने नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

अकरा वर्षं मी एका ग्रुपमध्ये होते. बाहेरून बघणाऱ्याला साधं चर्चच वाटायचं, गाणी, प्रार्थना, वचन, सगळं तेच. आत मात्र प्रत्येकावर एक लीडर, त्या लीडरवर अजून एक लीडर आणि सगळ्यात वर पाळक. नोकरी बदलायची तर विचारायचं, स्थळ आलं तर विचारायचं, आईकडे चार दिवस राहायला जायचं तरी विचारायचं. "परवानगी" असं कुणी कधी म्हटलं नाही हां, "विचारून घे" एवढंच म्हणायचे. पण त्यांनी नाही म्हटल्यावर तुम्ही गेलात की मग कळायचं ते काय होतं, दोन आठवडे कुणी नीट बोलायचं नाही आणि मग कुणीतरी येऊन हळूच सांगायचं की तुझ्यात बंडखोर आत्मा शिरलाय असं पाळकांना वाटतंय.

आठवड्याच्या मीटिंगमध्ये मी एकदा माझ्या वडलांबद्दलची एक गोष्ट रडत रडत सांगितली होती, जी मी आयुष्यात कुणालाच सांगितली नव्हती. तीन महिन्यांनी ती रविवारच्या संदेशात, म्हणजे प्रवचनात, आली. नाव घेतलं नाही, पण अर्ध्या लोकांनी माझ्याकडे वळून बघितलं. तरीही मी नंतर तीन वर्षं तिथेच होते. हे लिहितानाही लाज वाटतेय. बाहेर पडले ते जवळच्या मैत्रिणीमुळे, ती सोडून गेली आणि आम्हाला सांगण्यात आलं की रस्त्यात भेटली तरी बोलायचं नाही, आणि एक दिवस ती खरंच समोरून आली आणि मी मान खाली घातली. त्या रात्री झोप लागली नाही.

आता दुसऱ्या एका छोट्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाते, मागे बसते. लोक चांगले आहेत. तिथले एक वडील, म्हणजे मंडळीतले एल्डर, दर वेळी प्रेमाने विचारतात, "काय, कसा गेला आठवडा?" आणि माझे हात गार पडतात. त्या माणसाची काही चूक नाही. प्रार्थनेचं तर त्याहून अवघड आहे, डोळे मिटले की जो आवाज ऐकू येतो तो जुन्या पाळकांचा असतो, त्यांच्याच स्टाईलमध्ये, आणि मला कळतच नाही की मी देवाशी बोलतेय का त्यांना रिपोर्ट देतेय.

नवरा म्हणतो घरीच बायबल वाचू, पाळक-बिळक नकोच. मला ते पटतंही आणि नाहीही. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रातलं १३:१७ डोक्यातून जात नाही, "आपल्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा". मग आम्ही आज्ञा मोडतोय का? शास्त्रात पुढारी आहेतच ना? मग कसला पुढारी खरा, आणि माझ्यासारखीने तो ओळखायचा तरी कसा?

जुनी वही

ताई, आधी एक सांगते, मान खाली घातली तेव्हा झोप लागली नाही ना, म्हणजे आतलं काहीतरी जिवंत होतं. ती मैत्रीण आता बोलते का तुमच्याशी? नसेल तर एक मेसेज टाकून बघा. मी टाकला होता, उत्तर सात महिन्यांनी आलं, पण आलं.

इब्रीच्या वचनाबद्दल. मीही नऊ वर्षं त्याच वचनाखाली दबून होते, म्हणून बाहेर आल्यावर पहिलं तेच उघडून बसले. ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो "पटवणे" या अर्थाच्या धातूवरून आलाय, म्हणजे पटून ऐकणं, भरवसा ठेवून ऐकणं. नोकराने मालकाचं ऐकावं किंवा मुलांनी आईबापाचं, तिथे नव्या करारात साधारणपणे दुसरा शब्द येतो. मी असं म्हणत नाही की वचनात आज्ञापालन नाहीच, आहे, पण ज्याला पटवायचं असतं त्याला समोरच्याचा प्रश्न ऐकावा लागतो. आणि त्याच अध्यायात दहा वचनं आधी, १३:७ ला काय म्हटलंय बघा, पुढाऱ्यांच्या वागण्याचा परिणाम काय झाला ते लक्षात घ्या आणि मग त्यांच्या विश्वासाचं अनुकरण करा. आम्हाला सतरावं तोंडपाठ होतं, सातवं कुणी कधी वाचून दाखवलंच नाही. तुमच्याकडेही तसंच असेल असं वाटतं.

दुसरं ते "माझ्या अभिषिक्ताला हात लावू नका". अभिषिक्त म्हणजे देवाने निवडून नेमलेला, आणि पाळकांविरुद्ध कुणी बोलू नये म्हणून हे वचन पुढे करतात. तुम्ही लिहिलं नाहीत पण तिथे वापरत असणारच, सगळीकडे वापरतात. स्तोत्र १०५ पूर्ण वाचा. तिथे अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब, परक्या मुलखात भटकणारी मूठभर माणसं, आणि देव दटावतोय कुणाला, तर राजांना. दुबळ्यांना सत्तावाल्यांपासून वाचवणारं वचन आहे ते, आणि आमच्यावर ते बरोबर उलटं लावलं गेलं. मला हे कळलं तेव्हा मी अक्षरशः उभी राहिले खुर्चीतून, इतका संताप आला.

दावीदाचंही तेच. त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजाला त्याने मारलं नाही, कबूल. पण भाला फेकला गेला तेव्हा तो निघून गेला, आणि पुढे गुहेबाहेर उभा राहून, लांबूनच, सगळ्यांसमोर म्हणाला की माझा काय गुन्हा ते सांग (१ शमुवेल २४). म्हणजे निघून जाणं आणि मोठ्याने विचारणं दोन्ही केलं त्याने. आम्हाला फक्त हात न उचललेला दावीद शिकवला गेला.

मागच्या रांगेतला

मी बाहेर पडलोय पण तुमच्या बाजूने नाही, दुसऱ्या बाजूने. म्हणजे मी तो लीडर होतो.

माझ्याखाली नऊ जण होते. दर आठवड्याला मी त्यांच्याकडून सगळं काढून घ्यायचो, पैसे कुठे खर्च झाले, घरी कुणाशी भांडण झालं, मनात कुणाबद्दल काय आलं, आणि शुक्रवारी तेच वर सांगायचो. आम्ही त्याला जबाबदेही म्हणायचो. ती फक्त एकाच दिशेने चालायची हे मला सहा वर्षं दिसलं नाही, पाळकांना कुणी कधी विचारलं नाही की तुमचा आठवडा कसा गेला. एका मुलीला मी तिच्या सख्ख्या बहिणीच्या लग्नाला जाऊ नको असं सांगितलं होतं, कारण त्याच दिवशी आमचा उपास-प्रार्थनेचा कार्यक्रम होता. ती गेली नाही. बहिणीचं लग्न परत होत नाही. हे मी रोज आठवतो आणि आठवावंच असं मला वाटतं.

तुम्ही वडलांबद्दल सांगितलेलं संदेशात आलं, त्यावर एकच सांगतो, ते चुकून झालेलं नसतं. रॉबर्ट लिफ्टन नावाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी १९५० च्या दशकात हाँगकाँगमध्ये अशा लोकांच्या मुलाखती घेतल्या जे चीनमधल्या "विचार-सुधारणे"च्या छावण्या-तुरुंगांतून बाहेर आले होते. १९६१ मध्ये त्यांनी अशा बंदिस्त वातावरणाची आठ लक्षणं मांडली. त्यातलं एक म्हणजे कबुलीजबाबाचं वेड, माणसाकडून सतत कबुली घ्यायची आणि ती ग्रुपच्या मालकीची करून टाकायची. दुसरं म्हणजे ठासून भरलेली भाषा, ठरावीक चार शब्द ज्यांच्यापुढे विचार थांबतो. "बंडखोर आत्मा" हा तसाच शब्द, तो उच्चारला की पुढचा प्रश्न विचारताच येत नाही. हे वाचलं तेव्हा मला गरगरलं, कारण तुरुंगातल्या पहारेकऱ्याचं जे वर्णन होतं ते माझं होतं, आणि मी तर ते सगळं देवाच्या प्रेमापोटी करत होतो, खरंच करत होतो.

ख्रिस्ती लोकांमध्ये हे आपल्याच वाट्याला आलं असंही नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत फोर्ट लॉडरडेलच्या पाच शिक्षकांनी "मेंढपाळगिरी"ची मोठी चळवळ चालवली, प्रत्येक विश्वासणाऱ्यावर एक वैयक्तिक मेंढपाळ, घर, नोकरी, लग्न सगळं त्याच्या सल्ल्याने. त्या पाचांतले डेरेक प्रिन्स १९८० च्या दशकात वेगळे झाले, आणि बॉब ममफर्ड यांनी पुढे जाहीर माफी मागितली. माफी मागणारा पुढारी असू शकतो एवढं मला त्यातून कळलं, तोवर मी एकही पाहिला नव्हता.

मी नऊही जणांना पत्र लिहिलं. "माझ्याकडून काही चुकलं असेल तर" असलं काही लिहिलं नाही, काय काय केलं ते एकेक लिहिलं. चौघांनी उत्तर दिलं. त्या मुलीने दिलं नाही आणि मी परत लिहिणार नाही. उत्तर द्यायचं का नाही हा तिचा अधिकार आहे.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एका वचनात आहे, २ करिंथ १:२४. पौल म्हणतो आम्ही तुमच्या विश्वासावर सत्ता चालवत नाही, तुमच्या आनंदात आम्ही सहकारी आहोत. प्रेषित असून. ज्या पुढाऱ्याजवळ गेल्यावर तुमचा विश्वास त्याच्या ताब्यात जातो तिथून लांब राहा. मी स्वतः आता कुठलंही पद घेत नाही, विचारतात तरी नाही म्हणतो.

शांतवेळ

मी आता विश्वास ठेवत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझं बोलणं त्या हिशोबाने घ्या. मला कुणाला बाहेर ओढायचं नाहीये.

प्रार्थनेत दुसऱ्याचा आवाज ऐकू येतो हे मला अगदी ओळखीचं आहे. माझ्या समुपदेशक बाईंनी सांगितलं की अकरा-बारा वर्षं ज्या आवाजात शब्द ऐकले त्याच आवाजात ते आठवणार, त्यात सैतान नाही आणि पापही नाही. थोडे दिवस शब्दांची प्रार्थना बंद ठेवली तर काय होईल? तुमचा देव खरा असेल तर तुम्ही गप्प बसलात म्हणून तो रुसणार नाही, इतकं तर मलाही वाटतं. मी गप्प बसले आणि माझा विश्वास गेला, माझी बहीण गप्प बसली आणि तिचा परत आला, दोघी एकाच ग्रुपमधून बाहेर पडलो होतो. घाई करू नका, परत जायचीही नको आणि सोडायचीही नको. घाई करायला लावणं हीच त्यांची पद्धत होती.

आणि हात गार पडतात त्यासाठी कुणातरी जाणत्या डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जा, प्लीज. ते फक्त श्रद्धेचं काम नाही.

जुनी वही

शांतवेळ, तुमचं पटलं. ताई, बोलता येत नसेल तर स्तोत्र ८८ वाचा. बाकीच्या विलापांच्या स्तोत्रांत शेवटी बहुतेक वेळा आशेचं काहीतरी येतं, या एकात येत नाही, अंधारावरच संपतं. तरी ते बायबलमध्ये आहे, कुणी काढून टाकलं नाही.

हिशोबनीस

सगळं वाचलं. मी जरा रोकडं बोलतो कारण माझं कामच ते आहे, आणि आमच्या जुन्या मंडळीत मी खजिनदार असूनही मला बँकेचं पासबुक चार वर्षांत एकदाही दाखवलं नव्हतं.

घरीच बायबल वाचू हे काही काळासाठी ठीक आहे, पण पुढारी असणं मला चूक वाटत नाही. चूक असते ती एकट्या पुढाऱ्याची. प्रेषितांची कृत्ये १४:२३ बघा, तीताला लिहिलेलं पत्र १:५ बघा, जिथे जिथे वडील नेमले तिथे अनेकवचन आहे. १ तीमथ्य ५ मध्ये तर वडिलांवर दोन-तीन साक्षीदारांनिशी आरोप आला आणि ते पाप करतच राहिले तर सर्वांसमोर दोष दाखवा असं लिहिलंय, म्हणजे पाळकाबद्दल तक्रार करणं हे शास्त्रातच बसवलेलं आहे! पौलाने पेत्रासारख्या प्रेषिताला अंत्युखियात तोंडावर विरोध केला, आणि गलतीकरांना ते लिहूनही कळवलं. आणि योहानाच्या तिसऱ्या पत्रातला तो दियत्रफेस विसरू नका, त्याला पहिलं स्थान हवं, तो लोकांना मंडळीबाहेर काढतो. पहिल्या शतकातही हा माणूस होताच.

तर नव्या मंडळीत मी हे विचारतो. जमाखर्च कोण तपासतं आणि मला बघता येईल का. पाळक चुकला तर त्याला बाजूला कोण करू शकतं, आणि ते लोक त्याचे नातेवाईक आहेत का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे सोडून गेले त्यांच्याबद्दल इथे कसं बोलतात. हे शेवटचं विचारायचंही नाही, नुसतं ऐकायचं. सोडून गेलेला प्रत्येक माणूस कडवट, फसलेला किंवा पापात पडलेला असं ऐकू आलं तर चप्पल घाला आणि निघा. उत्तर काय मिळतं त्यापेक्षा प्रश्न विचारल्यावर चेहरा कसा होतो ते बघा, मला तरी त्यावरूनच कळलं.

जाता जाता, पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतल्यावर दोनच वर्षांत, १८८५ च्या सुमारास, आपल्याच धर्मगुरू-भगिनींशी पत्रांतून वाद घातला होता, की एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटले ती दुसऱ्या जोखडात मान घालायला नव्हे. त्याच बाईंनी पुढे अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. प्रश्न विचारणाऱ्या बाईचा विश्वास कमी पडतो असं तुम्हाला कुणी सांगितलं तर हे आठवा.

उंबरठ्यावर

दोन आठवडे उत्तर दिलं नाही त्याबद्दल सॉरी. सगळं तीन-चारदा वाचलं. मागच्या रांगेतला दादा, तुमचं वाचून आधी खूप राग आला, खरं सांगते, आणि मग रडले, कारण मला असं पत्र कुणीच लिहिलेलं नाही आणि कुणी लिहील असं वाटत नाही. तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. ती मुलगी उत्तर देणार नसेल तर नको, पण तिने वाचलं असेल.

मैत्रिणीला मेसेज टाकला. दोन निळ्या टिका आल्यात, अजून काही नाही.

मंडळीतल्या त्या वडिलांना गेल्या रविवारी सांगितलं की तुम्ही आठवडा कसा गेला विचारता तेव्हा मला त्रास होतो, कारण पुढे कधीतरी सांगेन. मला वाटलं आता चेहरा पडणार, मग कुणीतरी घरी येणार. ते म्हणाले, "बरं, नाही विचारत," आणि बाजूला सरकून मला जायला जागा दिली. या रविवारी नुसता हात जोडून नमस्कार केला, विचारलं नाही. हिशोबाचंही धाडस करून विचारलं, तर म्हणाले वार्षिक सभेत सगळ्यांना कागद वाटतो, मागच्या वर्षीचा हवा असेल तर आणून देतो. आणून दिला की बघते, नवरा म्हणतोय मीही बघणार.

प्रार्थना अजून जमत नाही. स्तोत्र ८८ काल रात्री मोठ्याने वाचलं, शेवटपर्यंत. मध्येच एकदा त्यांचा आवाज आला, मग मी जरा थांबले, पाणी प्यायले आणि परत पहिल्या ओळीपासून वाचलं.