नागपूरच्या उन्हात युकुलेली गाडीत ठेवावी लागते, मदत हवी आहे

नमस्कार. ऑफिस सुटलं की थेट क्लासला जातो, त्यामुळे मंगळवारी आणि शुक्रवारी युकुलेली (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) दिवसभर गाडीत असते. पार्किंग उघड्यावर, ऑफिसात वाद्य नेऊ देत नाहीत आणि मधे घरी येणं जमत नाही. मे महिन्यात बाहेरच ४५ अंश, गाडीत तर स्टिअरिंगला हात लाववत नाही.

कॉन्सर्ट साइज आहे, वरची फळी सॉलिड महोगनीची, तारा नायलॉनच्या. परवा केस उघडली तर ब्रिजच्या (तारा बांधायची, वरच्या फळीवर सरसाने चिकटवलेली पट्टी) मागच्या कडेला कागद सरकेल एवढी फट! फार वाईट वाटलं. तारा लगेच सैल केल्या, दुरुस्तीला देतोच आहे.

काचेला सनशेड, केस चादरीत गुंडाळून डिकीत, आत ओल्या स्पंजची डबी, हे सगळं करून झालंय. डबीने लाकूड सुकत नाही, पण तापून सरस मऊ पडतो त्याला काय करणार?

म्हणून गाडीसाठी दुसरी घ्यायचा विचार आहे, बजेट ८,००० पर्यंत. लॅमिनेटची (लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेली) घेतली तर तिचाही ब्रिज असाच सुटेल का? प्लास्टिक बॉडीची कोणी असा उन्हाळाभर गाडीत ठेवली आहे का, आणि ती सुरात राहते का?