जपान: बायको आणि मुलगी येतायत, ज्युमिनह्योवर (वॉर्ड ऑफिसच्या रहिवासी दाखल्यावर) नाव आणि नातं बरोबर यावं म्हणून पुण्यातून काय काय आणायचं?

समीर_कोथरूड

नमस्कार मंडळी, मी एप्रिलपासून तोक्योत आहे, आयटीत. माझ्या वेळी कंपनीचा माणूस वॉर्ड ऑफिसमध्ये बरोबर आला होता, तो दाखवेल तिथे सह्या केल्या आणि झालं, त्यामुळे आत नेमकं काय काय होतं ते मला फारसं माहीत नाही. आता बायको आणि चार वर्षांची मुलगी पुढच्या महिन्यात येतायत, डिपेंडंट व्हिसा लागलाय, तिकिटं झालीयेत. या वेळी मलाच घेऊन जायचंय त्यांना.

काळजी एवढ्याचसाठी की ऑफिसमधल्या एका मित्राच्या बायकोची नोंद 'पत्नी' अशी न होता 'नातेवाईक' अशी झाली, आणि मग त्याने कंपनीत इन्शुरन्ससाठी तो कागद दिला तर एचआरने परत केला, म्हणे यावरून ही तुमची बायको आहे असं कुठे दिसतंय. बिचारा महिनाभर इकडून तिकडे फिरत होता. आमचं मॅरेज सर्टिफिकेट पुणे मनपाचं आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही आहे त्यावर, पण त्यात बायकोचं माहेरचं नाव आहे आणि पासपोर्टवर सासरचं. सीओईच्या (व्हिसाआधी लागणाऱ्या पात्रता प्रमाणपत्राच्या) वेळी इमिग्रेशनला हे सगळं दिलेलंच होतं, मग वॉर्ड ऑफिसला परत लागतं का? ती अजून पुण्यात आहे तोवर काय काय करून घेऊ? ज्यांनी फॅमिली आणलीये त्यांनी प्लीज सांगा.

निशिकासाईची_ताई

समीर, वेळेत विचारलंत हे फार बरं केलंत कारण यातलं निम्मं काम पुण्यातच होतं, इथून करायला गेलं की कुरिअर आणि फोन यातच जीव जातो.

आधी हे लक्षात घ्या की इमिग्रेशन आणि वॉर्ड ऑफिस ही दोन वेगळी खाती आहेत. इमिग्रेशन केंद्र सरकारचं, ज्युमिनह्यो ठेवणारं वॉर्ड ऑफिस म्हणजे आपल्याकडची मनपा समजा. तुम्ही सीओईला दिलेले कागद वॉर्ड ऑफिसच्या काउंटरवरच्या बाईंना दिसत नाहीत, त्यांना लग्नाचा पुरावा नव्याने दाखवावाच लागतो. जपानी जोडप्यांचं नातं त्यांच्या कोसेकीवरून म्हणजे सरकारी कुटुंब-नोंदीवरून कळतं, आपल्याला कोसेकी नसते, त्यामुळे सगळी भिस्त आपण नेलेल्या कागदावर. कागद नसला किंवा त्यांना वाचता आला नाही तर ते लोक काही तुम्हाला परत पाठवत नाहीत, नोंद करतात, पण नात्याच्या रकान्यात 'त्सुमा' म्हणजे बायको न लिहिता 'एन्कोशा' म्हणजे नुसतं नातेवाईक लिहितात, तुमच्या मित्राचं तेच झालं असणार. नंतर कागद नेऊन दुरुस्त करता येतं, त्याला सांगा घाबरू नको.

आता काय आणायचं. मॅरेज सर्टिफिकेट ओरिजिनल, झेरॉक्स नको. त्याचं जपानी भाषांतर, आणि इंग्रजी आहे म्हणून चालेल असं धरून चालू नका, जपानी लागतंच. भाषांतर तुम्ही स्वतः केलं तरी चालतं, खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव आणि तारीख टाकायची, सही करायची. ऑफिसातल्या एखाद्या जपानी माणसाकडून एकदा वाचून घ्या म्हणजे झालं. उगाच एजन्सीला पैसे देऊ नका एवढ्यासाठी.

मुलीचा जन्मदाखला पण ओरिजिनल आणि भाषांतर, आणि इथे एक गोष्ट आजच बायकोला फोन करून बघायला सांगा. आपल्याकडे बऱ्याच घरात हॉस्पिटलमधून नोंद गेल्यावर मिळालेली पहिली प्रत फाईलला लावलेली असते, त्यात बाळाच्या नावाची जागा कोरी असते कारण बारसं व्हायचं असतं. नंतर नाव घालून दुसरी प्रत काढलेली असते ती भलतीकडेच. गडबडीत कोरी प्रत बॅगेत आली तर इथे त्यावरून ही हीच मुलगी हे ठरवता येत नाही. नाव घातलेलं नसेल तर क्षेत्रीय कार्यालयात जाऊन घालून घ्या, १५ वर्षांपर्यंत घालता येतं, पण तुम्हाला महिनाच आहे तेव्हा उद्याच जायला सांगा.

माहेरच्या नावाचं सांगते. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर नवऱ्याचं नाव असतं, तिच्या पासपोर्टवर तुमचं आणि तुमच्यावर तिचं असेल तर ती दोन्ही पानं उघडून काउंटरवर ठेवायची आणि भाषांतराच्या खाली एक ओळ जपानीत लिहायची की लग्नानंतर नाव अमुकचं तमुक झालं. गॅझेट केलं असेल तर ते पण आणा. माझ्या बाबतीत पासपोर्टच्या पानावर भागलं, काउंटरवरच्या बाईंनी बोट ठेवून एकेक अक्षर जुळवून बघितलं, मागे जाऊन साहेबांना दाखवलं आणि मग लिहिलं. तेव्हा वेळ काढून जा, लंच टाइमच्या तोंडावर नको.

अनिकेत_योकोहामा

ताईंनी सगळं सांगितलंय, मी थोडी भर घालतो.

विमानतळ कुठला आहे बघा. नारिता, हानेदा, कान्साई, नागोयाचा चुबू असल्या मोठ्या ठिकाणी उतरलं की झाइर्यू कार्ड म्हणजे परदेशी माणसाचं रहिवासी ओळखपत्र तिथेच हातात देतात, मागची बाजू कोरी असते, पत्ता वॉर्ड ऑफिसवाले छापतात. राहायला लागल्यापासून १४ दिवसांत जायचं असतं. लोक जेट लॅग, सामान, गादी घ्यायचीये असं करत दिवस घालवतात, तसं करू नका, कारण ९० दिवस नोंद केलीच नाही तर व्हिसाच रद्द करू शकतात असा कायदा आहे, आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे पत्त्याशिवाय पुढचं एकही काम होत नाही, ना बँक, ना मोबाईल, ना मुलीची शाळा. दोघींची कार्डं आणि पासपोर्ट न्या, तुमचंही कार्ड न्या.

दुसरं, नाव. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडलांचं किंवा नवऱ्याचं असं दोन्ही असतं बहुतेकांचं. ते जसंच्या तसं सगळं कार्डावर येतं, आडनाव पुढे आणि मागे ही लांबलचक माळ. काही लोक मग कुठे मधलं नाव गाळतात कुठे घालतात, बँकेत एक, क्लिनिकमध्ये एक, कंपनीत तिसरं. कृपा करून असं करू नका, कार्डावर आहे तेच पूर्ण नाव सगळीकडे, फॉर्ममध्ये मावत नसेल तर काउंटरवर विचारा कसं लिहू. आणि काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, नाव कसं लिहायचं ते घरीच ठरवून कागदावर लिहून न्या. माझं आडनाव देशपांडे, ते कोणी देशुपान्दे ऐकतं कोणी देशिपान्दे, माझ्या बायकोचं वॉर्ड ऑफिसला एक लागलं आणि बँकेत दुसरं, मग एका सरकारी रकमेचं ट्रान्सफर नाव जुळेना म्हणून अडकून पडलं. नवऱ्याचं जे आहे तेच बायकोचं आणि मुलीचं आडनाव असू दे.

समीर_कोथरूड

ताई, अनिकेत, मनापासून धन्यवाद. जन्मदाखल्याचं लगेच विचारलं, फाईलमध्ये खरंच कोरी प्रत होती, नाव असलेली सासूबाईंकडे आहे असं कळलं, ती आणायला सांगितली. अजून दोन गोष्टी, एक म्हणजे हेल्थ इन्शुरन्स वॉर्ड ऑफिसमध्येच करायचा का कंपनीत? आणि माय नंबर कार्ड (आपल्या आधारसारखं) दोघींना पण मिळतं का, लहान मुलीला पण?

निशिकासाईची_ताई

तुम्ही कंपनीच्या इन्शुरन्समध्ये आहात ना, मग त्या दोघी तुमच्याच खाली येतात, काउंटरवर स्पष्ट सांगा कंपनीचा आहे म्हणून, नाहीतर कोकुहोचा म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचा फॉर्म पुढे करतात. त्यासाठी कंपनीला ज्युमिनह्यो लागतो आणि तोसुद्धा नातं छापलेला, कारण एप्रिल २०२० पासून डिपेंडंट जपानात राहणारा असला पाहिजे असा नियम झालाय. म्हणून तर नात्याचा रकाना एवढा महत्त्वाचा.

ज्युमिनह्यो मागताना फॉर्मवर बारीक चौकोन असतात, कुटुंबातल्या सगळ्यांचा की एकाचा, नातं हवं की नको, देश आणि व्हिसाचा प्रकार हवा की नको, माय नंबर हवा की नको. काही खूण केली नाही तर यातलं बरंच गाळून देतात आणि ३०० येन वाया. सगळ्यांचा घ्या, सगळं छापा म्हणा, फक्त माय नंबर नको म्हणा. पुढे इमिग्रेशनने कधी मागितला तर तोही असाच द्यायचा, माय नंबर सोडून बाकी काही न गाळलेला. पण तेव्हा ताजा काढा, तीन महिन्यांच्या आतला.

प्राजक्ता_कावासाकी

माय नंबरचं मी सांगते कारण आमचं नुकतंच झालंय. ज्युमिनह्यो तयार झाला की सगळ्यांना १२ आकडी नंबर पडतो, तान्ह्या बाळालासुद्धा, आणि त्याचं पत्र दोन-तीन आठवड्यांनी रजिस्टर पोस्टाने घरी येतं. आता नीट वाचा, तुमच्या पोस्टाच्या पेटीवर फक्त तुमचं नाव असेल किंवा काहीच नसेल तर बायकोच्या नावाचं पत्र पोस्टमन परत नेऊ शकतो. आडनाव आणि तिघांची नावं काताकानात आणि रोमन अक्षरात लिहून चिठ्ठी चिकटवा पेटीला, आजच. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाचं पत्र असंच परत गेलं होतं.

ते पत्र म्हणजे कार्ड नव्हे बरं का, त्यावरच्या क्यूआर कोडवरून मोबाईलवर फोटो टाकून अर्ज करायचा, मग कार्ड घ्यायला बोलावतात आणि तिथे पिन ठरवायला लावतात, एक चार आकडी आणि एक लांब अक्षर-आकडे मिळून. लिहून ठेवा कुठेतरी. डिसेंबर २०२४ पासून परदेशातून नव्याने आलेल्यांना आणि बाळांना वॉर्ड ऑफिसमध्येच अर्ज केला तर आठवडाभरात कार्ड देण्याची सोय झालीये, त्याच दिवशी काउंटरवर विचारा. विचारल्याशिवाय सांगतीलच असं नाही. कार्ड सक्तीचं नाही, पण २ डिसेंबर २०२४ नंतर जुनी इन्शुरन्सची कार्डं नव्याने देणं बंद झालंय, दवाखान्यात हेच कार्ड मशीनला लावतात. ज्यांच्याकडे नाही त्यांना इन्शुरन्सवाले वेगळा दाखला देतात, त्यावरही काम होतं.

आणि मुलगी आहे म्हणून सांगते, त्याच दिवशी त्याच बिल्डिंगमध्ये मुलांच्या विभागात जाऊनच या. जिदो तेआते म्हणजे मुलांचा भत्ता आपल्यालाही मिळतो, ३ वर्षांच्या पुढे महिना १०,००० येन, ऑक्टोबर २०२४ पासून पगाराची अटही काढून टाकलीये. अर्ज १५ दिवसांच्या आत करायचा, उशीर झाला की मागच्या महिन्यांचे पैसे मिळत नाहीत, ते गेलेच. तुमच्या नावाच्या बँक अकाउंटचे डिटेल्स लागतील. मुलांच्या दवाखान्याच्या खर्चाचं कार्ड आणि लसींचे कागद पण तिथेच. पुण्यात दिलेल्या लसींचं पिवळं-निळं जे काही कार्ड असेल ते नक्की आणा, इथल्या लसींशी ते जुळवून बघतात आणि राहिलेल्या देतात. काउंटरवर रांग मोठी असली तरी थांबा, भत्ता राहून गेल्याचं मला फार वाईट वाटतं ज्यांचं ज्यांचं ऐकते त्यांचं.

विनय_सान

मध्येच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. आईबाबा तीन महिन्यांसाठी येतायत, त्यांची पण नोंद करावी लागते का? आणि आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोन मित्र राहतो, आमचा ज्युमिनह्यो एकच का येत नाही?

अनिकेत_योकोहामा

आईबाबा टुरिस्ट म्हणजे शॉर्ट टर्म व्हिसावर असतील तर त्यांना झाइर्यू कार्डही नाही आणि ज्युमिनह्योही नाही, वॉर्ड ऑफिसला जायचं काहीच काम नाही, फक्त त्यांना पासपोर्ट कायम जवळ ठेवायला सांगा आणि भारतातून ट्रॅव्हल इन्शुरन्स नक्की काढा कारण इथला आरोग्य विमा त्यांना लागू नाही. वयस्कर माणसांच्या बाबतीत यात हात आखडता घेऊ नका.

मित्रांचं म्हणाल तर पत्ता एक असला तरी खर्च आणि चूल वेगळी असेल तर कुटुंब वेगळं धरतात, तुम्ही दोघेही आपापल्या कागदावर सेताईनुशी म्हणजे कुटुंबप्रमुख. तेच सोयीचं आहे, तुमच्या कागदावर त्याचं नाव कशाला.

बाकी एक माहिती, २०१२ च्या जुलैपर्यंत परदेशी लोकांचं रजिस्टरच वेगळं होतं, जपानी बायको आणि परदेशी नवरा असं घर असलं तरी नवरा ज्युमिनह्योवर दिसत नसे. ९ जुलै २०१२ पासून सगळे एका रजिस्टरमध्ये आले. आज आपल्याला एका कागदावर पूर्ण घर दाखवता येतं ते त्यामुळे.

निशिकासाईची_ताई

समीर, एक राहिलं. माय नंबर कार्डाची मुदत तुमच्या व्हिसाएवढीच असते. व्हिसा रिन्यू झाला, नवं झाइर्यू कार्ड मिळालं की लोक खूश होऊन घरी जातात, पण माय नंबरची तारीख आपोआप वाढत नाही, ती वाढवायला जुनी तारीख उलटायच्या आत वॉर्ड ऑफिसला जावं लागतं, तिघांचंही. उलटली की कार्ड बाद, पैसे भरून नवं करा. रिन्यूचा निकाल लागायला वेळ लागत असेल तर तसं सांगून दोन महिने वाढवून मिळतात. मोबाईलमध्ये तिघांच्या तारखा आत्ताच टाकून ठेवा, आणि बायकोला माझा नमस्कार सांगा, निशिकासाईला आलात तर भेटू.